काय खाल्लंस

आमच्या घरात शुगर हा आजार नाही, हुद्दा आहे. माझे सासरे जोतीराम, म्हणजे आबा, हा हुद्दा गेली अठरा वर्षं सांभाळून आहेत आणि अख्ख्या अंथुर्णे गावात त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस नाही. पहाटे कालव्याच्या भरावावरून चालणं, वाटीभर कारल्याचा रस, बाजरीची भाकरी, घास तोंडात पाणी होईपर्यंत चावणं, आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेलं बोट टोचायचं मशीन. गावात कुणाला चक्कर आली, कुणाच्या तळपायांची आग व्हायला लागली, की तो दवाखान्याआधी आमच्या ओट्यावर येतो. आबा त्याचं बोट टोचतात, आकडा वाचतात आणि चष्म्यावरून बघत एकच प्रश्न विचारतात, "काय खाल्लंस?"

या प्रश्नापुढं भलेभले पाघळतात. कुणी बारशातली जिलेबी कबूल करतो, कुणी गुऱ्हाळावरची काकवी. आबांचे चालायचे सोबती दादासाहेब तर मशीन नुसतं दिसलं तरी खरं बोलायला लागतात. आबांचं म्हणणं सरळ आहे. साखर तोंडातून आत जाते, तेव्हा ज्यानं तोंड राखलं त्यानं साखर राखली. हे त्यांनी स्वतःवर करून दाखवलंय, त्यामुळं त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही.

मी त्यांची सून, योगिनी. माहेर सांगवी, गावातल्याच बालवाडीत शिकवते. माझ्या आजाराची सुरुवात पापणीपासून झाली. दुपार कलली की उजवी पापणी खाली यायची, हातानं वर केली तरी परत उतरायची. बालवाडीतली पोरं विचारायची, "बाई, तुमाला झोप आली?" मग जबडा दमायला लागला. अर्धी भाकरी नीट खायची, पुढच्या अर्धीला तोंड चालेना, खालचा जबडा हातानं धरून वर ढकलावा लागे. नंतर संध्याकाळचा आवाज नाकातून यायला लागला. आणि गंमत अशी की रात्रभर झोपलं की सकाळी मी ठणठणीत. सकाळी बरी, संध्याकाळी आजारी, असला आजार फक्त सुनांनाच होतो, असं एक चुलतसासूबाई चहा पिता पिता म्हणून गेल्या. त्यांचा चहा मीच केला होता.

माझा नवरा मल्हार मला पिकअपमध्ये घालून बारामतीला घेऊन गेला. तिथं नसांच्या आजारांच्या डॉक्टर आहेत, प्राची मॅडम. त्यांनी माझ्या पडलेल्या पापणीवर बर्फाची पुरचुंडी धरून ठेवली. काढली तर पापणी उघडलेली. मल्हार चाट पडला, मला वाटलं बर्फानंच बरं होतंय. त्यावर मॅडमनी रक्त काढलं, नसांची तपासणी केली आणि मायस्थेनिया हे नाव सांगितलं. नस हुकूम बरोबर देते, पण स्नायूच्या ज्या दारावर तो हुकूम पोचायचा, त्या दाराच्या कड्या शरीरानंच परक्या समजून मोडून टाकल्यात, असं त्या म्हणाल्या. बाहेरचा जंतू नाही, काही नाही. आपलंच आपल्याला ओळखेना झालंय.

त्यांनी दोन गोळ्या दिल्या. मोठी गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, तिचं बळ काही तास टिकतं. बारकी पांढरी गोळी सकाळी. ती स्टेरॉइड होती, मुळातला दाह कमी करणारी. हिच्यानं साखर वाढू शकते, वाढली तर मला सांगा, पण ही गोळी आपल्या मनानं कधीही थांबवायची नाही, हेही त्यांनी सांगितलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या. दवाखान्यात माणूस सगळ्यालाच मान हलवतो.

मायस्थेनिया हा शब्द गावात कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून 'योगिनीला पापणीचं झालंय' असं ठरलं. त्या दिवसांत आबा अगदी मऊ पडले होते. मशीनमध्ये मावेल असा हा आजार नव्हता. ते माझ्याकडं बघायचे, काहीतरी विचारायला तोंड उघडायचे आणि मग गुरांना पाणी दाखवायला जायचे. त्यांचा जीव माझ्यावर आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पुढं जे झालं ते जीव नसल्यामुळं झालं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

थोड्या दिवसांनी मला तहान सुटली. तांब्येच्या तांब्ये पाणी, आणि रात्रीच्या फेऱ्या. सासूबाईंनी, म्हणजे भागूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, आबांच्या कानावर घातलं. आबांनी मशीन काढलं. आकडा अडीचशेच्या वर. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण सुटका नक्की म्हणेन.

"घाबरू नगंस पोरी," ते म्हणाले. "ह्यातलं मला कळतंय."

त्या दिवसापासून माझा कारभार आबांनी हातात घेतला. डॉक्टर मॅडमना फोन झाला, त्यांनी साखरेवर एक गोळी सुरू करून दिली. पण आबांच्या लेखी गोळी म्हणजे तोंडीलावणं, खरं काम पथ्याचं. भात गेला, केळी गेली, दूध बिनसाखरेचं झालं. गुळाची ढेप कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. पहाटे मला कालव्यावर चालायला नेलं जाऊ लागलं. तेवढं मात्र बरं होतं. सकाळी माझे पाय चांगले चालायचे, उसाला पाणी सुटलेलं असायचं, आणि आबा वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "सूनबाईला पण शुगर हाय आता." त्यात थोडा अभिमानही असायचा.

घोडं अडायचं ते जेवणाशी. आबांनी एका शिबिरात ऐकलं होतं की पातळ आणि कुस्करलेलं खाल्लं की साखर लगेच चढते, चावून खाल्लं की हळू चढते. त्यांनी ते मनावर घेतलं. म्हणून आमटीत कुस्करलेली भाकरी बंद. कोरडी बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, काकडी, आणि सगळं चावून. माझ्या पहिल्या आजारात नेमकं चावणंच होत नव्हतं. एका आजाराचं पथ्य दुसऱ्या आजाराच्या मुळावर आलेलं, आणि दोन्ही आजार माझेच.

त्यात आमच्या घरची जेवायची रीत. आधी रानातली माणसं, आबा, मल्हार. मग मागं राहिलेल्या बायका. मोठी गोळी मी साडेबाराला घ्यायचे, कारण बालवाडी सुटून मी तेव्हा घरी यायचे आणि जेवणाआधी अर्धा तास असं कागदावर होतं. जेवण एकला सुरू व्हायचं, हे खरं. पण ते इतरांचं. मी ताटावर बसायला तीन वाजायचे. गोळीचं सगळं बळ तोवर वाढण्यात, भाकऱ्या थापण्यात आणि भांड्यांत खर्च झालेलं असायचं. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. सून मागं बसते, त्यात बघायचं काय?

आत्यांना मात्र माझं तोंड दिसायचं, कारण त्या माझ्यासमोर बसायच्या. एके दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "कण्या करून घालू का तुला? जवारीच्या. ताकात कालवून. गिळल्या की उतरत्यात."

आबा ओसरीवर आडवे झाले होते. तिथूनच आवाज आला. "ह्या घरात कण्या शिजायच्या न्हायत."

त्याचं कारण साखर नव्हतं, निदान फक्त साखर नव्हतं. आबांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, रानाचा मालक देईल ती ज्वारी भरडायची आणि तीन दगडांवर कण्या शिजवायच्या. सकाळी कण्या, संध्याकाळी कण्या. मग जमीन झाली, पाणी आलं, आबा कारखान्याचे सभासद झाले. पहिल्या उसाची गाडी कारखान्याला गेली त्या दिवशी त्यांनी आत्यांना सांगितलं होतं, आता आपल्यात कण्या नाहीत. तीस वर्षं झाली त्याला. आबांनी तेवढा एकच शब्द असा धरून ठेवलाय.

"माझ्या सुनंला कण्या?" ते म्हणाले. "कोण आलं-गेलं तर काय म्हणंल? आन पातळ खाल्लं की साखर वाढती."

मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून तो भिजायची वाट बघत राहिले.

इतकं करून साखर काही उतरेना. आबा रोज टोचायचे आणि रोज त्यांचा चेहरा थोडा उतरायचा. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. ज्यानं पथ्य पाळलं त्याची साखर उतरली, ज्याची उतरली नाही तो चोरून खात होता, हा त्यांचा अनुभव. दादासाहेबांचं उदाहरण घरचंच. मग ते माझ्या पाठीमागं चौकशी करायला लागले. बालवाडीत खाऊ काय असतो, हे त्यांनी मदतनीस बाईला विचारलं. मल्हारला विचारलं, बारामतीहून येताना काय आणतोस का बायकोला. कपाटातली ढेप काढून उलटीपालटी करून बघितली.

एके दिवशी सकाळी त्यांनी माझं बोट टोचलं, आकडा बघितला आणि मशीन मांडीवर ठेवलं.

"योगिनी, मी रागवत न्हाय. काय खाल्लंस?"

"काही न्हाय, आबा."

"खरं सांग. माणूस हाय, जीभ हाय. व्हतं एकांदवेळी."

"आबा, मी रात्री अर्धी भाकरी खाल्ली. आत्यांनी बघितलंय."

"मग साखर काय आभाळातनं पडती का?"

ते ओरडले असते तर मी ओरडून घेतलं असतं, मला ते जमतं. पण ते समजूतदारपणे बोलत होते, चोराला पहिल्यांदा सोडून देतात तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "आज संध्याकाळी मी जेवत न्हाय. पाणी पिते फक्त. उद्या सकाळी बघा."

आत्या नको नको म्हणत होत्या. मी नुसत्या पाण्यावर झोपले. सकाळी आबांनी टोचलं. आकडा होता तिथंच, दोनशेच्या वर. आबांनी चष्मा पुसून तो आकडा परत वाचला.

"म्हंजे तू खात न्हवतीस," ते म्हणाले.

"तेच सांगतीया मी."

"मग ही त्या बारक्या गोळीनं वाढतीया."

त्यांनी गावातल्या औषधवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, व्हय आबा, स्टेरॉइड हाय, त्यानं साखर वाढतीच. तो काही खोटं बोलला नाही. आबा उठले. "आदी साखर खाली आणू. साखर हातात आली की मग ती गोळी परत सुरू करू. एका वेळी एक काम."

आणि मी कबूल झाले. डॉक्टर मॅडमचं बोलणं मला आठवत होतं, तरी कबूल झाले. मी चोर नाही हे सासऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, त्या आनंदात त्या वेळी त्यांनी मला विहिरीत उतरायला सांगितलं असतं तरी उतरले असते. मल्हार उसाच्या वाहतुकीत गुंतलेला. गळीत हंगाम म्हटलं की त्याला घराचा पत्ताही आठवावा लागतो. त्याला कुणी विचारलं नाही.

साखर उतरली. थोडीशीच, पण उतरली. आबांनी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. दादासाहेबांना जेवायला बोलावलं, खास मला दाखवायला. त्या दिवशी सकाळपासूनच माझ्या दोन्ही पापण्या जड होत्या आणि मान उचलून धरावी लागत होती. सकाळीसुद्धा, हे नवीन होतं. अंगात थोडी कणकण. आदल्या दुपारी पाणी पिताना ठसका लागून ते नाकातून आलं होतं. त्यानंतर मी धसक्यानं काही खाल्लंच नव्हतं, पण तेही मी बोलले नाही. घरात एवढा आनंद चाललेला.

पुरुषांची जेवणं झाली. दादासाहेब सुपारी कातरत म्हणत होते, "जोतीराम, तू डाक्टरच व्हायचा." मी आणि आत्या ताटावर बसलो. पहिलाच घास. मी चावला, तो मागं गेला आणि मध्येच थांबला. खाली जाईना, वर येईना. खोकायला गेले तर खोकला येईना. खोकायलाही स्नायू लागतात, हे मला तेव्हा कळलं. मी आत्यांचा हात धरला. त्यांना सांगायला गेले तर नुसती वाफ बाहेर आली, आवाज नाही.

आत्यांनी पाठीत गुद्दे घातले, तोंडात बोटं घालून घास बाहेर काढला. श्वास मोकळा झाला पण पुरेसा होईना. आबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, म्हणजे पापण्यांच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं. त्यांच्या बंडीच्या खिशावर त्यांचा हात होता, जिथं किल्ली होती तिथं. ते एकदम दादासाहेबांना म्हणाले, "मल्हारला फोन लाव. गाडी काढ म्हणावं."

बारामतीपर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रेलरांनी भरलेला होता. मल्हार हॉर्न वाजवत होता, आत्या मला उठवून बसवून धरत होत्या कारण आडवं झालं की श्वास बंद पडायचा. आबा पुढं बसले होते. एका वळणावर पुढचा ट्रॅक्टर बाजू देईना तेव्हा आबा चालत्या गाडीतून अर्धे बाहेर वाकले आणि हात जोडले. आबांनी ट्रॅक्टरवाल्याला हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले. ऊसवाले लोक रस्त्यावर कुणाला हात जोडत नाहीत.

दवाखान्यात मला श्वासाचं मशीन लावलं. पहिले दोन दिवस मला तुकड्या-तुकड्यानं आठवतात. नाकातून नळी, हातात सलाईन, छातीत थोडा कफ झालेला. पण एक गोष्ट नीट आठवते, कारण तेव्हा मी जागी होते. डोळे मिटलेले होते एवढंच. पापण्या उचलत नव्हत्या, त्यामुळं मी झोपलेय असं सगळे धरून चालले होते. या आजाराचा हा एकच फायदा.

आबा पायथ्याशी उभे होते. नर्सनं साखर बघितली आणि आकडा सांगितला. साडेतीनशे.

"मशीन बिघडलं असंल," आबा म्हणाले.

प्राची मॅडम तिथंच होत्या. त्यांना गोळी बंद केल्याचं कळलेलं होतं आणि त्याबद्दल त्या मल्हारला जे बोलायचं ते बोलल्या होत्या. अशी गोळी एकदम तोडली की जीवसुद्धा जातो, हे त्यांनी त्याला दोनदा सांगितलं होतं. आबांशी त्या शांत बोलल्या. "मशीन बरोबर आहे, काका."

"पण मॅडम, गोळी बंद हाय. परवा दुपारपासनं पोटात अन्नाचा कण न्हाय. मग ही साखर आली कुठनं?"

"आतूनच. ती खाल्लेली साखर नाही. तिच्या शरीरात दाह भडकलाय. तो भडकला की शरीराला वाटतं आता लढायचंय, ताकद पाहिजे, म्हणून लिव्हर स्वतःच साखर सोडतं. आणि इन्सुलिन ती साखर पेशीत घालायला जातं, तर पेशी दार उघडत नाहीत. दाह असला की पेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत. मग साखर रक्तातच फिरत राहते. आणि फिरणारी साखर पुन्हा दाह वाढवते."

आबांचा अठरा वर्षांचा हिशेब तोंडापाशी सुरू व्हायचा आणि तोंडापाशीच संपायचा. त्यात हे कुठं बसवायचं?

"मग आदी काय करायचं?" त्यांनी विचारलं. "साखर का दाह?"

"आधी आणि मग असं नाही, काका. दोन्ही एकदम. ती गोळी साखर वाढवते हे तुमचं खरं आहे. पण आग विझवते तीच. ती परत चालू करायची आणि वर इन्सुलिन द्यायचं. साखर थोडी वर राहिली तर मी बघून घेईन. तिचा घास घशाखाली उतरला पाहिजे, ते पहिलं."

मॅडम गेल्या. आबा तिथंच उभे राहिले. मल्हार बाहेरून आला तर त्याला ते म्हणाले, "मी हिला चोर समजलो व्हतो. ढेप उलटून बघितली मी."

"ती उठल्यावर सांगा की तिला."

"लाज वाटती," आबा म्हणाले.

माझ्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. मला फार राग होता त्यांचा. बोट टोचून ते त्या सकाळी ज्या आवाजात बोलले होते त्या आवाजाचा होता. तिथं त्यातला निम्मा गेला. निम्मा मी ठेवून दिला, पुढं लागेल म्हणून.

रक्तातल्या प्रथिनांचं सलाईन पाच दिवस चाललं आणि हळूहळू मान उचलली, आवाज आला, नळी निघाली. घरी सोडायच्या दिवशी मॅडमनी खाण्याचं सांगितलं. पाण्यासारखं पातळ नको, ते श्वासनलिकेत जातं. चावायला लागेल असं घट्ट नको. मऊ, दाट, घसरून जाईल असं. आणि मोठी गोळी घेतल्यावर अर्ध्या तासानं ताटावर बसायचंच.

"जेवण किती वाजता असतं तुमचं?" त्यांनी मला विचारलं.

"एकला," मल्हार म्हणाला.

"तीनला," मी म्हणाले.

मॅडमनी दोघांकडं बघितलं. आबांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग खाली जमिनीकडं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता आबा ओसरीवरच्या घड्याळाखाली बसले. मी मोठी गोळी घेतली. मग त्यांनी मशीन काढलं, कारण जेवणाआधी बघून इन्सुलिन घ्यायचं होतं. तेवढ्यात दादासाहेब आले, मला बघायला, बिस्किटांचे पुडे घेऊन. आजाऱ्याला बघायला जायचं तर पुडा न्यायचाच, मग आजार कुठलाही असो. ते बसले. चुलीवरून वास येत होता, त्यांनी नाक वर केलं.

"कण्या का काय?" ते म्हणाले. "जोतीराम, तुज्या घरात?"

"व्हय," आबा म्हणाले. "मीच भरडायला लावल्या."

एक वाजला. रानातली माणसं हातपाय धुऊन अंगणात आली होती. आत्यांनी सवयीनं पुरुषांची ताटं मांडायला घेतली. आबांनी त्यांना थांबवलं. "आदी तिला वाढ."

दादासाहेब हसले. "सून आदी जेवती व्हय आता?"

"तिची गोळी चढलीया. उतरायच्या आत जेवली पायजे," आबा म्हणाले. "तुजं-माजं पोट थांबतंय घटकाभर."

मी पाटावर बसले. अंगणात सात-आठ पुरुष उपाशी उभे आहेत आणि मी एकटी ताटावर, असं कधी झालं नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आबा माझ्याजवळ बसले आणि त्यांनी माझं बोट टोचलं. आकडा आला. दोनशे चाळीस. दादासाहेबांनी तो मान वाकडी करून वाचला आणि आबांच्या तोंडाकडं बघितलं. पुढं काय येतं ते त्यांना पाठ होतं. मलाही पाठ होतं. राखून ठेवलेला निम्मा राग मी तयार ठेवला.

आबांनी माझं बोट कापसानं पुसलं. कापूस तसाच थोडा वेळ दाबून धरला. मग मशीन पिशवीत घातलं.

"इंजेक्शन मॅडमनी सांगितलंय तेवढं घे," ते मला म्हणाले, आणि आत्यांकडं वळले. "कण्या वाढ तिला. ताक दाट घाल. आन मलाबी वाटीभर दे."

काय खाल्लंस, हे त्यांनी विचारलं नाही. मी ताटलीतल्या कण्या संपवल्या, आणि सासऱ्यासमोर आणखी मागितल्या.